तंबोरा बोलत नाही? तारा, मणी, दोरा आणि जुळवणी यांचा बरोबर क्रम

"जवारी गेली आहे, घासून घ्यायला हवी." तंबोरा नीट वाजेना की घरोघरी हेच निदान होतं. बऱ्याचदा जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याला झंकारासाठी दिलेला घडवलेला उतार, शाबूत असते. तारा गंजलेल्या असतात, घोडी जागेवरून सरकलेली असते, मणी सैल पडलेला असतो, नाहीतर दोरा भलत्याच जागी जाऊन बसलेला असतो. अशा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालली की चांगली जवारी विनाकारण खर्ची पडते. घासून गेलेलं हाड किंवा लाकूड परत भरून येत नाही.

दुसरी चूक क्रमाची. तंबोरा हाती घेतला की लोक आधी दोरा चाळवतात. तार सुरात नसते, त्यामुळे दोऱ्याची जागा सापडत नाही. जागा सापडत नाही म्हणून खुंटी पिळली जाते, खुंटी पिळल्यावर दोऱ्याची जागा आणखी बदलते, आणि या फेऱ्यात रियाजाची वेळ निघून जाते. म्हणून खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. हे मार्गदर्शन चार तारांच्या, भोपळ्याच्या, मिरज घडणीच्या तंबोऱ्यासाठी आहे. पाच-सहा तारांच्या तंबोऱ्यालाही तत्त्व तेच लागू पडतं.

## आधी भाग ओळखा

खाली भोपळा, भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची तबली, वर दांडी. तबलीवर रुंद माथ्याची घोडी उभी असते. घोडीच्या खालच्या बाजूला भोपळ्याच्या कडेवर लंगोट असतो, तिथे तारा अडकवलेल्या असतात. लंगोट आणि घोडी यांच्यामध्ये प्रत्येक तारेत एक मणी ओवलेला असतो. दांडीच्या वरच्या टोकाला तारा आधी अटीच्या (खाचा असलेल्या आडव्या पट्टीच्या) खाचेवरून जातात, मग तारदानाच्या (भोकं असलेल्या पट्टीच्या) भोकातून, आणि शेवटी खुंटीवर. घोडीच्या माथ्यावर तारेखाली सरकवलेला सुती दोरा म्हणजे जीव.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. खुंट्यांच्या दिशेने त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार कंप पावताना या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर झंकारत बाहेर पडतात. हा घडवलेला उतार म्हणजे जवारी. दोरा तारेला केसभर उचलतो आणि तो स्पर्श कुठे, किती व्हावा हे ठरवतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच घोडीकडे लक्ष वेधलं होतं. एरवी तार बरोबर मध्यावर छेडली तर काही उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर) उमटायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते स्वच्छ ऐकू येतात. म्हणजे तंबोऱ्याचा आवाज नुसत्या तारेचा नाही, तार आणि घोडी यांच्या स्पर्शाचा आहे. पुढचे सगळे टप्पे हा स्पर्श नेमका साधण्यासाठी आहेत.

## टप्पा १: पाहणी (तारांना हात लावण्याआधी)

लागणारं साहित्य असं: बारीक टोकाची पक्कड, तार कापायचं कटर, मऊ सुती फडकं, रंगकामाचा स्वच्छ कोरडा ब्रश, पेन्सिल, साधा पांढरा खडू, टॉर्च, शिवणाचा ४० नंबरचा सुती दोरा आणि नव्या तारा. मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम.

तंबोरा दुसऱ्या खोलीतून किंवा गाडीतून आणला असेल तर गवसणी काढून निदान अर्धा तास तसाच राहू द्या. एसीच्या खोलीतून आणला असेल तर त्याहून जास्त. लाकूड आणि तारा खोलीच्या हवेला सरावल्याशिवाय केलेली जुळवणी टिकत नाही.

आता खाली दिलेल्या गोष्टी पाहा.

घोडीचे पाय. चारही बाजूंनी घोडीखाली पातळ कागद सरकवून बघा. कुठेही कागद आत शिरला तर घोडी तबलीवर पूर्ण टेकलेली नाही. अशा घोडीवर कितीही दोरा फिरवला तरी आवाज पोकळच येणार.

घोडीची जागा. बऱ्याच तंबोऱ्यांच्या तबलीवर घोडीच्या जुन्या जागेची फिकट खूण दिसते. घोडी त्या खुणेवर आहे का? ती तिरकी झाली असेल तर एका तारेची जवारी लागते आणि दुसरीची लागत नाही.

घोडीचा माथा. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. वरून प्रकाश टाकला तर काही दिसणार नाही. आडव्या उजेडात तारेखाली बारीक, काळपट रेघ दिसेल. नख आडवं फिरवल्यावर ते रेघेत अडकलं तर तिथे खाच पडली आहे. नख सरळ घसरून गेलं तर तो फक्त तारेचा मळ आहे, कोरड्या फडक्याने निघेल.

भोपळा आणि तबली. जोडावर चीर आहे का? बोटाच्या पेराने भोपळ्यावर सगळीकडे हलकं टकटक करा. एखाद्या जागी आवाज फुटका आला तर ते काम कारागिराचं. तारा चढवण्याआधीच त्याला दाखवा.

तपासा: घोडी पूर्ण टेकलेली, जागेवर, माथ्यावर खोल खाच नाही, भोपळ्याला चीर नाही. या चार गोष्टी ठीक असतील तरच पुढे जा.

## टप्पा २: तारा निवडणे

"तंबोऱ्याच्या तारा द्या" एवढंच सांगून दुकानातून संच आणला जातो, आणि काळी चारच्या तंबोऱ्यावर काळी एकच्या तारा चढतात. तारेची जाडी तुमच्या पट्टीवर (पेटीची जी काळी किंवा पांढरी पट्टी तुम्ही षड्ज धरता तिच्यावर) आणि तंबोऱ्याच्या लांबीवर ठरते. तार गरजेपेक्षा जाड असेल तर ताण वाढून तबली दबते. गरजेपेक्षा बारीक असेल तर ती सैल राहते आणि घोडीवर नुसती फडफडते.

नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हे पक्कं लक्षात ठेवा. चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडी, आणि शेवटची खालच्या षड्जाची म्हणजे खर्ज. साधारण अंदाज असा:

मर्दानी तंबोरा, काळी एक-दोनच्या आसपास: जोडीच्या दोन्ही तारा स्टीलच्या, २८ किंवा २९ नंबर (०.३८ ते ०.३५ मिलिमीटर). पंचम स्टील किंवा पितळ, २६ च्या आसपास (०.४६). खर्ज पितळी, २२ (०.७१).

जनानी तंबोरा, काळी चार-पाचच्या आसपास: जोडी स्टीलची, ३० ते ३२ (०.३१ ते ०.२७). पंचम स्टीलचा, २८ किंवा २९. खर्ज पितळी, २४ किंवा २५ (०.५६ ते ०.५१).

हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. तुमचा तंबोरा पूर्वी छान बोलत असेल तर जुन्या तारा फेकण्याआधी मायक्रोमीटरने मोजा आणि ते माप वहीत लिहून ठेवा. माझ्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा ते माप जास्त भरवशाचं.

जोडीच्या दोन्ही तारा एकाच गुंडाळीतल्या हव्यात आणि एकाच दिवशी बदललेल्या हव्यात. एक जुनी, एक नवी असेल तर दोन्ही षड्जाला आणून ठेवल्या तरी आवाजाचा पोत वेगळा येतो, आणि मग जोडी जुळली की नाही हे कानाला कळेनासं होतं.

सावधान: पहिली तार निषादाला लावून मारवा किंवा पूरिया गाणार असाल तर पितळी पंचम तसाच वर ओढू नका. मंद्र पंचमापासून निषादापर्यंत जाताना कंपनसंख्या सव्वापट होते आणि तारेवरचा ताण दीडपटीहून जास्त वाढतो. पितळी तार तिथे लांबते किंवा तुटते. निषादासाठी पहिली तार स्टीलची ठेवा. मालकंस, बागेश्रीसाठी पंचमाऐवजी मध्यम लावताना तार उतरवायची असते, त्यात हा धोका नाही.

## टप्पा ३: तार बदलणे, एका वेळी एकच

बहुतेक तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. चारही तारा एकदम काढल्या की घोडी सुटते, आणि तबलीवरचा इतक्या वर्षांचा ताण एका क्षणात निघून जातो. नंतर घोडी अंदाजाने ठेवली जाते आणि तिथून जवारीच्या तक्रारी सुरू होतात.

म्हणून आधी घोडीच्या पायांभोवती पेन्सिलने हलकी रेघ मारा. मोबाइलवर दोन फोटो काढा, एक लंगोटाचा, एक खुंट्यांचा. कोणती तार कोणत्या खुंटीवर जाते हे तंबोऱ्यागणिक थोडं बदलतं. साधारणपणे मधल्या दोन तारा समोरच्या खुंट्यांवर आणि कडेच्या दोन बाजूच्या खुंट्यांवर असतात.

आता एक तार उतरवा. आधी खुंटी उलट फिरवून ती पूर्ण सैल करा, मगच काढा. ताणलेली तार कटरने कापायची नाही. तुटलेलं टोक डोळ्यावर येऊ शकतं. तार निघाली की तिच्या खालचा घोडीचा माथा, तबली आणि अटीची खाच ब्रशने साफ करा. एरवी तिथे हात पोचत नाही, ही संधी सोडू नका.

नवी तार चढवायची ती अशी:

लंगोटाकडच्या टोकाला पकडीने लहान फासा करा आणि टोक तारेभोवती चार-पाच वेढे गुंडाळा. पितळी तारेचे वेढे फार घट्ट आवळू नका. पितळ जिथे करकचून वळतं तिथेच पुढे तुटतं. फासा लंगोटाला अडकवा. लगेच मणी ओवा. मणी राहिल्याचं तार पूर्ण चढल्यावर लक्षात येतं, आणि मग सगळं परत काढावं लागतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मण्यानंतर तार घोडीवरून, अटीच्या तिच्याच खाचेतून, तारदानाच्या भोकातून खुंटीपर्यंत न्या. खुंटीच्या भोकात टोक घालून वळवा आणि वेटोळी शेजारी शेजारी बसतील अशी गुंडाळा. एकावर एक चढलेली वेटोळी नंतर घसरतात आणि तार मध्येच उतरते.

जास्तीचं टोक तार सुरात आल्यावरच कापा, आणि ते दांडीला किंवा शेजारच्या तारेला टेकणार नाही असं वळवा. त्या टोकाची खरखर जवारीच्या आवाजासारखीच वाटते, आणि लोक घोडीत दोष शोधत बसतात.

नवी तार साधारण सुराच्या जवळ आली की मगच पुढची उतरवा.

## टप्पा ४: खुंटीवर ढोबळ जुळवणी, मग एक रात्र थांबा

खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची असते. दुसऱ्या हाताने दांडीला समोरून आधार द्या, नाहीतर दाब पूर्ण दांडीवर जातो. खुंटी सुटत असेल, म्हणजे सोडल्यावर परत फिरत असेल, तर ती बाहेर काढून निमुळत्या भागावर खडू घासा आणि परत बसवा. उलट पावसाळ्यात खुंटी फुगून अडकली असेल तर जोर लावू नका. तार सैल करा, खुंटी हळूहळू हलवत बाहेर काढा आणि लाकडाला कोरडा साबण हलकासा घासा. मऊ शिसपेन्सिलीची भुकटीही चालते. तेल कधीच नको. तेल लागलेली खुंटी पुढे कायमची सुटते.

खुंटीवर तारा सुराच्या अगदी जवळ, पण किंचित खाली आणा. शेवटचा बारीक चढ मण्यांसाठी राखून ठेवायचा आहे. त्यासाठी आत्ता प्रत्येक मणी त्याच्या हालचालीच्या साधारण मध्यावर ठेवा. मणी आधीच टोकाला असेल तर पुढच्या टप्प्यात त्याला जायला जागाच उरणार नाही.

नव्या तारा पहिल्या दिवशी सतत उतरतात, पितळी खर्ज सगळ्यात जास्त. अशा तारेवर दोरा लावायला बसू नका. सुराजवळ आणून ठेवा, संध्याकाळी पुन्हा थोडी चढवा, आणि पुढचे टप्पे दुसऱ्या दिवशी करा. ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी तारा बदलायच्या, हा हट्ट सोडा.

## टप्पा ५: मण्यांवर बारीक जुळवणी, दोऱ्याशिवाय

चारही दोरे काढून टाका. आत्ता आवाज कोरडा, बसका येईल. येऊ द्या. तुम्हाला फक्त मूळ स्वर ऐकायचा आहे.

तंबोरा ज्या पद्धतीने वाजवणार, त्याच पद्धतीने धरा. उभा वाजवणार असाल तर उभा धरून, आडवा वाजवणार असाल तर आडवा ठेवून. धरण्यातल्या फरकाने दांडीवरचा भार बदलतो आणि सूर हलतो.

मणी लंगोटाकडे सरकवला की तार चढते. घोडीकडे सरकवला की उतरते. लंगोटाजवळ तार तबलीच्या जास्त जवळ असते, त्यामुळे मणी तिथे तिला जास्त उचलतो आणि ताण वाढतो. मणी केसभरच हलवायचा असतो. झटका दिला तर तो पुढे निघून जातो.

जुळवणीचा क्रम असा:

१. जोडीची एक तार तुमच्या षड्जाला आणा. संदर्भ म्हणून पेटी किंवा मोबाइलचा षड्ज चालेल, पण फक्त षड्जापुरताच.

२. जोडीची दुसरी तार पहिलीशी जुळवा, पेटीशी नाही. दोन्ही लागोपाठ छेडा आणि आवाजातला डोल (लाटेसारखं कमीजास्त होणं) ऐका. सेकंदाला एक डोल म्हणजे एका कंपनाचा फरक. डोल संथ होत होत थांबला पाहिजे.

३. खर्ज जोडीशी जुळवा. खर्जाचा दुसरा उपस्वर (मूळ स्वर पहिला धरून) म्हणजेच जोडीचा षड्ज, त्यामुळे चूक असेल तर इथेही डोल ऐकू येतो.

४. पंचम शेवटी. पेटीचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा किंचित उतरलेला असतो. फरक बारीक आहे, पण तंबोऱ्यात तो डोलाच्या रूपाने ऐकू येतो. म्हणून पंचम षड्जाशी कानाने मिळवा.

मोबाइलच्या ट्यूनरवर चारही तारांचा काटा मध्यावर आणून "जुळला" म्हणणारे खूप आहेत. तंबोऱ्यात उपस्वर इतके ठळक असतात की ट्यूनर मूळ स्वर सोडून त्यांच्या मागे धावतो आणि काटा उड्या मारतो. ट्यूनर ढोबळ जुळवणीपर्यंत वापरा, पुढे बंद करा.

आणखी एक: जुळवताना आणि वाजवताना तार सारख्याच जोराने छेडा. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी चढी वाजते. बोटाच्या पेराने, नख न लावता, साधारण तारेच्या मध्याजवळ. पंचम मधल्या बोटाने, पुढच्या तिन्ही तारा तर्जनीने.

तपासा: दोऱ्याशिवाय जोडीत डोल नाही, खर्ज आणि जोडी एकजीव, पंचम स्थिर. हे साधल्याशिवाय दोऱ्याला हात लावायचा नाही.

## टप्पा ६: दोरा लावणे

सगळ्यात नाजूक टप्पा हाच. शक्य असेल तर दोघांनी करा, एकाने तार छेडायची, दुसऱ्याने दोरा सरकवायचा. एकट्याने करता येतं, पण तार छेडून हात दोऱ्यावर जाईपर्यंत कान जागा विसरतो.

दोरा सुती हवा. पॉलिस्टरचा दोरा गुळगुळीत आणि कडक असतो, तारेखाली टिकत नाही आणि आवाजाला पत्र्यासारखी धार आणतो. बारीक जोडीसाठी काही जण रेशमाचा धागा वापरतात, तोही चांगला. प्रत्येक तारेला स्वतंत्र तुकडा घ्या, वीतभर लांब. जोडीला एकेरी दोरा, खर्जाला गरज पडली तर किंचित जाड. चारही तारांखालून एकच दोरा ओढून घेण्याची सवय मोडा. तारांची जाडी सारखी नसते, त्यामुळे प्रत्येकीची जागाही वेगळी.

जोडीच्या एका तारेपासून सुरुवात करा. दोऱ्याची दोन्ही टोकं दोन हातांत ताणून धरा आणि घोडीच्या खुंट्यांकडच्या कडेवरून तो तारेखाली घाला. इथे आवाज अगदी स्वच्छ, एकसुरी येईल, झंकार नसेल. आता तार छेडत छेडत दोरा लंगोटाच्या दिशेने सरकवा, एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून कमी. दोरा तारेला काटकोनात राहिला पाहिजे. तिरका झाला की तार एका बाजूने उचलली जाते.

काही अंतरावर आवाज बदलायला लागतो. आधी किंचित नाकातला, मग एकदम उघडतो. तार छेडल्यावर मूळ स्वर उमटतो आणि त्यातून वरचे स्वर एकापाठोपाठ एक सुटत जातात, आवाज विरेपर्यंत. तीच जागा. त्याच्याही पुढे नेला तर आवाज पुन्हा मिटतो किंवा चरचरतो. म्हणून ती जागा ओलांडून पुढे जा, मग परत या. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मधली नेमकी जागा ठरत नाही.

जागा मिळाली की दोऱ्याची टोकं सैल सोडा, ओढून ठेवू नका. टोकं फार लांब असतील तर कापा, ती शेजारच्या तारेखाली जायला नकोत.

आता जोडीची दुसरी तार, मग खर्ज, शेवटी पंचम. खर्जाला वेळ द्या. जाड तार जास्त जागेवर टेकते आणि तिची उघडी जागा जास्त अरुंद वाटते.

सावधान: दोरा कुठेही ठेवला तरी एखादी तार उघडत नाही, बाकीच्या तीन उघडतात, असं झालं तर दोष त्या तारेत किंवा तिच्याखालच्या खाचेत आहे. आधी तार बदलून बघा. तरीही तसंच राहिलं तर जवारीचं काम आहे.

सावधान: ब्लेड, पॉलिश पेपर, कानस यांपैकी काहीही घोडीवर चालवू नका. "हलकासा हात मारला" की उतार बदलतो, आणि उतारावर चारही तारांची जवारी अवलंबून असते.

झंकार किती हवा हा आवडीचा भाग आहे. काही गायकांना खुली, चमकती जवारी लागते, काहींना मिटती, गोल. माझी शिफारस अशी की शिकणाऱ्यांनी फार खुली ठेवू नये. झंकार फार वाढला की मूळ षड्ज त्यात झाकला जातो आणि सूर लावायला ठोस आधार उरत नाही. पण चारही तारांचा झंकार एकसारखा हवा. पंचम झगमगतो आणि खर्ज मुका, अशा तंबोऱ्यावर लावलेला आवाज एका बाजूला कलतो.

## टप्पा ७: दोऱ्यानंतर पुन्हा मणी

दोऱ्याने तार उचलली म्हणजे ताण वाढला, म्हणजे सूर किंचित चढला. त्यामुळे टप्पा ५ पुन्हा करायचा, त्याच क्रमाने, पण फक्त मण्यांवर. खुंटीला हात लावलात तर दोऱ्याची जागा हलेल आणि टप्पा ६ परत करावा लागेल. खुंटीशिवाय काम होत नसेल तर समजा की टप्पा ५ मध्ये घाई झाली.

आता कानाची परीक्षा. एका लयीत वाजवत राहा, दोन मिनिटं न थांबता. खर्ज विरताना त्यातून गंधार ऐकू येतो का? हा गंधार कुठल्याही तारेवर लावलेला नसतो, खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून आपोआप उमटतो. तो स्पष्ट आला तर खर्ज आणि त्याचा दोरा दोन्ही जागेवर आहेत. पंचमातून निषाद आणि रिषभ ऐकू यायला लागले तर पंचमही लागला. सुरुवातीला हे स्वर कानाला पकडता येत नसतील तर मंद्रात "आ" लावून तंबोऱ्यासोबत गंधार हळूच गाऊन थांबा. तो स्वर तंबोऱ्यात चालू असलेला ऐकू येईल.

## झंकार की खरखर?

झंकार तार छेडल्यावर उमलतो आणि आवाजाबरोबर विरतो. खरखर छेडल्या क्षणी येते आणि एकदम थांबते. खरखर असेल तर घोडी सोडून बाकी ठिकाणं आधी तपासा. मण्यावर बोट ठेवून तार छेडा, खरखर थांबली तर मणी तबलीवर नाचतो आहे. अटी आणि खुंटी यांच्यामध्ये तारेवर बोट ठेवा, थांबली तर अटीची खाच रुंद झाली आहे. तिथे कागदाची बारीक चिंधी तात्पुरती घालता येते. तारेचं कापलेलं टोक, सैल खुंटी आणि तबलीवरची सुटलेली नक्षीपट्टी हेही बघा. नक्षीपट्टी सुटली असेल तर तिच्यावर बोट दाबलं की खरखर बंद होते.

## कारागिराकडे केव्हा आणि कसं

नख अडकेल एवढी खाच, घोडी न टेकणं, दांडी वाकणं, भोपळ्याची चीर, आणि नव्या तारा घालून, दोरा फिरवूनही न उघडणारी तार. ही कामं घरी होत नाहीत.

जवारीसाठी नुसती घोडी काढून कुरिअरने पाठवू नका. तारेचा कोन, तबलीचा उतार आणि तुमची पट्टी समोर असल्याशिवाय जवारी नेमकी लागत नाही. पूर्ण तंबोरा न्या, तुमच्या तारा चढवून, तुमच्या पट्टीला लावून. काळी चारला गाणाऱ्या बाईंचा तंबोरा काळी एकला उतरवून जवारी काढली तर घरी आल्यावर ती बंद झालेली आढळते. मिरजेचे कारागीर पुण्या-मुंबईत अधूनमधून येऊन घरी जवारी काढून देतात. त्या वेळी तुम्ही शेजारी बसा आणि "इतकी उघडी नको", "खर्ज अजून हवा" हे तिथेच सांगा. काम झाल्यावर प्रत्येक तारेचा दोरा घोडीवर कुठे बसला आहे याचा जवळून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी टप्पा ६ अर्ध्या वेळात होतो.

## ठेवण

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, घोडीपासून अटीपर्यंत, खालच्या बाजूनेही. पितळेची भांडी उजळायची पूड किंवा चिंच-मीठ तारांना लावू नका. त्याचे कण घोडीवर आणि दोऱ्याखाली बसतात आणि जवारी झिजवतात. कळकट, काळी पडलेली पितळी तार घासण्यापेक्षा बदला.

तंबोरा भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. घसरून पडला तर भोपळा फुटतोच. जाड गादीवर आडवा ठेवा, घोडी आणि तारांवर काही टेकणार नाही असा. गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात नको.

अमेरिका, युरोपात राहणाऱ्यांना हिवाळा जास्त जपावा लागतो. घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की भोपळा आणि तबली यांचा जोड आकसून सुटतो. खोलीतली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के राहील असं बघा, आणि तंबोरा हीटरच्या झोतापासून लांब ठेवा. विमानाने नेताना चारही तारा दोन-तीन स्वर उतरवा, पण पूर्ण सैल करू नका. घोडी जागेवर राहण्यापुरता दाब राहू द्या, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या घड्या बसवा. पोचल्यावर एक दिवस तसाच ठेवून मग खुंट्यांना हात लावा, आणि टप्पा ४ पासून पुढे या.